समुद्रातून काही न तोडता उभारलेली प्रवाळटाकी

पुण्यातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी उभी आहे आणि तिच्यातले प्रवाळ आता वाढू लागले आहेत. तिची आखणी करताना मी एकच नियम पहिल्या दिवशी ठरवला होता आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्याच नियमाने घडवला. टाकीत येणारी कोणतीही सजीव वस्तू समुद्रातल्या जिवंत खडकावरून तोडून आणलेली नसावी. खडक माणसाने तयार केलेला असावा, प्रवाळ दुसऱ्या कोणाच्या टाकीत वाढलेल्या वसाहतीचा तुकडा असावा आणि मासे पैदास केंद्रात जन्मलेले असावेत. हा नियम पाळून मोठी टाकी उभारता येते का, असे मला अनेकांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नियमाचा काही भाग कायद्यानेच घालून दिलेला आहे. भारतात २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणारे प्रवाळ, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही त्याच यादीत आहेत, आणि समुद्रघोडेसुद्धा. वाघाला जे संरक्षण आहे तेच कायद्याने या प्रवाळांना दिलेले आहे. परदेशातून आले आहेत असे सांगून विकल्या जाणाऱ्या दगडी प्रवाळांनाही साइटीस हा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या करारातल्या जातींसाठी आपल्या कायद्यात स्वतंत्र तरतूद झाली आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या छांदिष्टांच्या टाक्यांत दिसणारे अॅक्रोपोरा किंवा मॉन्टिपोरा आपल्याकडे घरी ठेवण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादा दुकानदार पावती देतो एवढ्याने तो प्रश्न सुटत नाही.

मात्र माझ्या दृष्टीने कायदा हे दुय्यम कारण आहे. प्रवाळ म्हटले की आपल्याला लक्षद्वीप आणि अंदमान आठवतात, पण महाराष्ट्राचा किनाराही त्यांच्यापासून रिकामा नाही. मालवणच्या खडकाळ उथळ पाण्यात दगडी प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक नावाचा बुडालेला पठारी भाग आहे आणि तिथे समृद्ध प्रवाळ आढळतात. खुद्द मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात प्रवाळांच्या लहान वसाहती आहेत. किनारी रस्त्याच्या कामापूर्वी, २०२० मध्ये, त्यांतल्या काही उचलून दुसऱ्या जागी हलवण्यात आल्या होत्या. १९९८ साली समुद्राचे तापमान वाढले तेव्हा लक्षद्वीपच्या प्रवाळांचा फार मोठा भाग पांढरा पडून मेला, त्यानंतर २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा तेच घडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या प्रवाळशुभ्रीकरणाची अधिकृत घोषणा झाली. ज्या जिवांवर एवढे संकट आहे त्यांचे सौंदर्य आवडते म्हणून त्यांच्यातलाच एक तुकडा दिवाणखान्यात आणायचा, हे मला पटत नाही.

उरतात ते मऊ प्रवाळ. सार्कोफायटन, सिन्युलारिया आणि लोबोफायटम हे चामड्यासारख्या पोताचे प्रवाळ, सतत उघडझाप करणारा झेनिया, आणि मशरूम या नावाने ओळखले जाणारे डिस्कोसोमा व रोडॅक्टिस. यांना दगडी सांगाडा नसतो, पण दगडी प्रवाळांप्रमाणेच यांच्यातही शरीरात एकपेशीय शैवाल राहते आणि त्या शैवालाने प्रकाशातून तयार केलेल्या अन्नावर ते मोठ्या प्रमाणात जगतात. ते कापता येतात, कापलेला तुकडा खडकाला धरतो, आणि एका वसाहतीपासून काही वर्षांत अनेक घरांना पुरतील इतके तुकडे तयार होतात. माझ्या नियमात बसणारे आणि तरीही खऱ्या अर्थाने प्रवाळटाकी म्हणावी असे दृश्य देणारे जीव हेच आहेत. झोअँथस आणि पॅलिथोआ हे रंगीत गुच्छही घरी वाढवलेले मिळतात, पण पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. ते हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये, कारण वाफेतून आलेल्या विषाने संपूर्ण कुटुंब आजारी पडल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत नोंदलेल्या आहेत. घरात लहान मूल असल्यामुळे मी तो गट पूर्णपणे टाळला.

आता मोठी टाकी कशासाठी, या प्रश्नाकडे येतो. पाणी जितके जास्त, तितके त्याचे तापमान, क्षारता आणि त्यातल्या अशुद्धी हळू बदलतात, आणि प्रवाळ या सावकाश बदलाशी जुळवून घेऊ शकतात. शंभर लिटरच्या टाकीत एक मासा मेला आणि दिवसभर लक्षात आले नाही, तर अमोनिया धोक्याच्या पातळीवर जातो. नऊशे लिटरमध्ये तोच मासा सहज पचतो. नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी हा सल्ला गोड्या पाण्यासाठी ठीक असेल, पण खाऱ्या पाण्याच्या बाबतीत तो मला उलटा वाटतो. खर्च परवडत असेल आणि जागा असेल, तर मोठी टाकीच अधिक क्षमाशील असते.

त्या क्षमाशीलतेची किंमत वजनात मोजावी लागते. टाकीचे घनफळ तीस घनफूट, म्हणजे सुमारे ८५० लिटर. खारे पाणी गोड्यापेक्षा जड असल्याने काठोकाठ भरल्यास नुसत्या पाण्याचे वजन ८७० किलो होते. पंधरा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन एकशे सत्तर किलोच्या आसपास, त्यात खडक, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालचा सम्प, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी दुसरी टाकी, धरला की एकूण आकडा तेराशे-चौदाशे किलोवर जातो आणि हे सगळे जेमतेम १.४ चौरस मीटर जागेवर उभे राहते. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार (माणसे आणि सामान यांचा) धरून आखलेला असतो. हिशेब असा पाचपट बाहेर जातो. याचा अर्थ वरच्या मजल्यावर टाकी ठेवताच येत नाही असा नाही, कारण भार बीमवर आडवा टाकून, भिंतीलगत ठेवून बरेच काही साधता येते. पण तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने इमारतीचे नकाशे पाहून द्यायचा असतो. ओळखीच्या ठेकेदाराने दिलेले आश्वासन त्या जागी चालत नाही.

आम्ही तळमजला निवडला तरी इंजिनिअरांनी एक गोष्ट दाखवून दिली, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या घरांत तळमजल्याची फरशी जोत्यात भरलेल्या मुरुमाच्या भरावावर, पातळ कोब्यावर बसवलेली असते, आणि तो भराव वर्षानुवर्षांत थोडा खचू शकतो. माणसांच्या वावराने काही होत नाही, पण चौदाशे किलो वजन एकाच ठिकाणी कायमचे उभे राहिले आणि एक कोपरा पाच मिलिमीटर जरी खाली गेला, तर काचेच्या सांध्यांवर पिळ येतो. म्हणून टाकीच्या जागेपुरत्या लाद्या काढून, भराव पाणी घालून पुन्हा धुम्मस करून, त्यावर जाळी टाकून सहा इंचांचे काँक्रीट ओतले. गवंड्याने पाण्याची नळी लावून चारही कोपऱ्यांची लेव्हल काढली आणि काँक्रीट पुरेसे पिकेपर्यंत आम्ही त्यावर काहीही ठेवले नाही. हे काम सर्वांत कमी दिसते, पण त्यानंतरचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

काचेबद्दल दोनच गोष्टी सांगतो. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर अवलंबून नसून उंचीवर अवलंबून असतो, त्यामुळे दोन फुटांऐवजी अडीच फूट उंची घेण्याचा मोह आवरावा. दोन फूट उंचीतही समोरच्या एका काचेवर पाणी सुमारे ३५० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलत असते. शिवाय उंची वाढली की तळापर्यंत प्रकाश पोहोचवणे कठीण होते आणि हात वाळूपर्यंत पोहोचत नाही. दुसरी गोष्ट अशी की पाणी खाली नेण्यासाठीची छिद्रे काच टफन (तापवून कणखर) करण्यापूर्वीच पाडावी लागतात, टफन झालेल्या काचेला ड्रिल लावताच तिचा चुरा होतो. आम्ही टफन न केलेली, कमी लोह असलेली स्वच्छ काच समोर आणि बाजूंना घेतली, कारण साध्या काचेची हिरवट छटा एवढ्या जाडीत प्रवाळांचे रंग बदलून दाखवते. मागच्या बाजूला साधी काच पुरली.

मागच्या काचेलगत ओव्हरफ्लोची पेटी आहे आणि तिच्यातून तीन नळ खाली जातात. पहिला पूर्ण भरून वाहतो आणि व्हॉल्व्हने त्याचा वेग नेमका ठेवता येतो, दुसऱ्यातून अगदी थोडे पाणी जाते, आणि तिसरा नेहमी कोरडा असतो. पहिल्यात काही अडकले तर दुसरा भार उचलतो, दोन्ही तुंबले तर तिसरा. सम्पमधले पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप बंद पडला की वरून किती पाणी खाली उतरते ते मोजून सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवावी लागते. फरशी ओली होण्याच्या बहुतेक घटना हा हिशेब न केल्याने होतात, म्हणून टाकीत मासे यायच्या आधी मी मुद्दाम वारंवार वीज बंद करून पातळी कुठे थांबते ते तपासले आणि सम्पच्या काचेवर तिथे खूण केली.

खडकावर मी सर्वांत जास्त काळ रमलो. प्रवाळटाकीच्या इतिहासात समुद्रातून आणलेल्या जिवंत खडकाला मध्यवर्ती स्थान आहे. जाकार्तामधले ली चिन एंग यांनी १९६० च्या सुमारास जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाक्या चालवून दाखवल्या, आणि पुढे त्याच विचाराला स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या यंत्राची, जोड मिळून आजची पद्धत घडली. खडकाच्या सच्छिद्र आतल्या भागात राहणारे जिवाणू हाच खरा फिल्टर असतो. पण जिवंत खडक म्हणजे मेलेल्या दगडी प्रवाळाचा सांगाडाच, तो समुद्रातून उपसणे माझ्या नियमाबाहेर होते आणि कायद्याच्याही. म्हणून खडक घरीच ओतले. सिमेंट एक भाग, कोंबडीखाद्यात घालतात तो शिंपल्यांचा भरडा तीन भाग, आणि जाडे खडेमीठ दोन भाग, हे कमीत कमी पाण्यात कालवून ओल्या वाळूत हाताने खोदलेल्या खळग्यांत भरायचे. वाळूच्या खळग्यामुळे पृष्ठभाग नैसर्गिक खडबडीत येतो, आणि नंतर पाण्यात भिजवल्यावर मीठ विरघळून जाते व खडकाच्या आतपर्यंत छिद्रांचे जाळे उरते. कमानी आणि कपारी करण्यासाठी मी फुगे आणि वाळू भरलेल्या कापडी पिशव्या आत ठेवून ओतकाम केले.

यातला धीराचा भाग पुढे येतो. नवे सिमेंट पाण्यात चुना सोडत राहते आणि पाण्याचा सामू (पीएच) बारापर्यंत नेऊ शकते. खडक पिंपात बुडवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, दोन दिवस स्थिर ठेवलेल्या पाण्याचा सामू साडेआठच्या खाली उतरेपर्यंत थांबावे लागते, आणि याला कित्येक आठवडे लागतात. घाई करणाऱ्याने हा मार्ग निवडू नये, बाजारात भट्टीत भाजलेले सिरॅमिक खडक मिळतात ते घ्यावेत. मला मात्र हवी तशी रचना करता आल्याचा आनंद फार मोठा आहे. मधोमध ढीग न रचता दोन वेगळ्या टेकड्या आणि त्यांच्यामध्ये एक मोकळी घळ ठेवली, खडक मागच्या काचेपासून हातभर दूर ठेवले, त्यामुळे पाणी सर्व बाजूंनी फिरते आणि कुठेही घाण साचून राहत नाही.

पाण्याची गोष्ट आपल्या शहरांत अवघड आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन, टँकरच्या पाण्याचा भरवसा नाही, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरवेलचे पाणी जड. तिन्हींना आर.ओ. आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारे डी.आय. रेझिन लावून टी.डी.एस., म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणावे लागते. घरातला पिण्याच्या पाण्याचा प्युरिफायर या कामाला चालत नाही, कारण चव राखण्यासाठी त्यातले टी.डी.एस. कंट्रोलर थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळते किंवा खनिजे मुद्दाम घालते. मी सुटी आर.ओ. जोडणी बसवली आणि तिचे टाकाऊ पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवून फरशा व शौचालयासाठी वापरतो. पाणीकपातीच्या शहरात छंदासाठी पाणी वापरताना एवढी जबाबदारी आपली आहे.

कोकणातून समुद्राचे पाणीच का आणत नाही, असेही विचारले जाते. किनाऱ्यालगतच्या पाण्यात पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडे पाणी मिसळलेले असते, बंदरांजवळ तेल असते, आणि त्यातल्या घटकांचे प्रमाण दर महिन्याला बदलते. तयार समुद्री मिठाचे मिश्रण दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात कालवले की प्रत्येक वेळी तेच पाणी मिळते. खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करून सम्पसह आमच्याकडे सुमारे ९०० लिटर पाणी आहे, त्याला पहिल्या भरणीत बत्तीस-तेहतीस किलो मीठ लागले. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजतो आणि ते यंत्र शुद्ध पाण्याऐवजी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवतो.

आता उष्णतेकडे वळू, कारण थंड देशांतल्या छांदिष्टांची सगळी चर्चा हीटरभोवती फिरते आणि आपला प्रश्न नेमका उलटा आहे. प्रवाळांना २५ ते २६ अंश हवे असतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि बंद खोलीत पाणी एकतिशीच्या पुढे सहज जाते. त्या तापमानाला प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात, म्हणजे समुद्रात जे घडते तेच घरात घडते. पाणी थंड करणारा अर्ध्या अश्वशक्तीचा चिलर बसवला आहे, पण पहिला उपाय म्हणून मी पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा सोडणारे पंखे वापरतो. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन झाले की आमच्या टाकीचे तापमान अर्ध्या अंशाहून अधिक खाली येते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळी हवेत दिवसाला पंधरा लिटरपर्यंत पाणी उडते आणि त्यामुळे चिलरला दुपारचे काही तासच चालावे लागते. मुंबईत किंवा रत्नागिरीत हा उपाय फारसा चालणार नाही, कारण हवाच आधी ओलाव्याने भरलेली असते, आणि पुण्यातही जून लागला की पंख्यांचा प्रभाव ओसरतो.

उडते ते फक्त गोडे पाणी, मीठ मागेच राहते. पंधरा लिटर उडाले आणि भरले नाही, तर क्षारता एका दिवसात ३५ वरून ३५.६ होते, चार दिवसांत साडेसदतीसवर जाते. म्हणून सम्पमध्ये पातळी ओळखणारा सेन्सर आणि शुद्ध पाण्याचे वेगळे पिंप आहे, पातळी बोटभर उतरली की छोटा पंप थोडे थोडे पाणी आपोआप घालतो. दोन दिवस गावाला जायचे झाले तर शेजाऱ्यांना सांगण्यासारखी हीच एक गोष्ट असते, की पिंपात पाणी आहे ना ते पाहा.

विजेच्या बाबतीत सुरक्षितता आधी आणि सोय नंतर. खाऱ्या पाण्याजवळचे सर्व प्लग स्वतंत्र सर्किटवर, गळती होताच वीज तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आर.सी.सी.बी. मागे आहेत, घराचे अर्थिंग नव्याने तपासून घेतले आहे, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली एक वळसा घेऊन वर जाते, जेणेकरून वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. वीज गेली की प्रकाशाची काळजी नसते, चार दिवस अंधारातही प्रवाळ तग धरतात. काळजी असते ती प्राणवायूची, विशेषतः रात्री, कारण तेव्हा कोणतेच शैवाल प्राणवायू बनवत नसते आणि कोमट खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (टाकीतले पाणी घुसळणारा पंप) आणि रिटर्न पंप जोडले आहेत. चोवीस व्होल्टचे डी.सी. पंप इतके कमी वीज खातात की एका ट्युब्युलर बॅटरीवर ते रात्रभर चालतात. उन्हाळ्यात सगळे मिळून दिवसाला दहा युनिटच्या घरात खर्च जातो. महावितरणच्या दराचा टप्पा तीनशे युनिटला बदलतो हे लक्षात घेऊन हा खर्च आधीच मांडावा, कारण टाकी उभारण्याचा खर्च एकदाच होतो आणि विजेचे बिल दर महिन्याला येते.

पाणी भरल्यावर प्रवाळ आणायला मी घाई केली नाही. मानवनिर्मित खडक पूर्ण कोरा असतो, त्यात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वस्ती व्हायला वेळ लागतो. बाटलीतले जिवाणू घालून, दर लिटरला दोन मिलिग्रॅम एवढा अमोनिया देऊन, तो चोवीस तासांत नाहीसा होऊ लागेपर्यंत थांबलो. नंतर डायटम या तपकिरी सूक्ष्म शैवालाचा थर आला, तो ओसरला आणि लाल-जांभळ्या सायनोबॅक्टेरियाचे पापुद्रे आले, मग हिरवे केसाळ शैवाल. कोऱ्या खडकावर हा क्रम येतोच आणि या काळात औषधे टाकून काही साधत नाही. शैवाल हाताने उपटणे, पाणी बदलणे आणि सम्पच्या एका कप्प्यात किटोमॉर्फा नावाचे तारांसारखे शैवाल वाढवणे, एवढेच करावे. त्या कप्प्याचा दिवा रात्री लागतो, त्यामुळे रात्री पाण्याचा सामू फारसा उतरत नाही, आणि जास्तीचे नायट्रेट व फॉस्फेट ते शैवाल खाऊन टाकते. नायट्रेट शून्यावर आणण्याचा अट्टहास मात्र नको, मऊ प्रवाळांना ते दर लिटरला पाच ते दहा मिलिग्रॅम असलेलेच मानवते.

पहिले सार्कोफायटन दुसऱ्या छांदिष्टाच्या जुन्या वसाहतीपासून कापलेले होते, छोट्या दगडावर जाळीखाली बांधून धरवलेले. दिवे पहिल्या आठवड्यात पाव क्षमतेवर ठेवून हळूहळू वाढवले. सार्कोफायटन काही दिवस मिटून बसते, अंगावर मेणासारखी साय येते, आणि ती साय टाकून पुन्हा फुलते. नवख्या माणसाला तो मेल्यासारखा वाटतो, पण ही त्याची स्वतःला स्वच्छ करण्याची रीत आहे आणि समोरून पाण्याचा झोत चांगला असला की ती लवकर पार पडते. चामडी प्रवाळ शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी पाण्यात टर्पीन वर्गातली रसायने सोडतात, म्हणून एवढ्या जाती एकत्र ठेवताना अॅक्टिव्हेटेड कार्बन कायम वापरतो. झेनियाला मुख्य टेकड्यांपासून वेगळ्या एकट्या खडकावर ठेवले आहे, कारण तो एकदा पसरू लागला की थांबत नाही.

मऊ प्रवाळांना सांगाडा नसला तरी त्यांच्या अंगात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात, आणि खडकावर पसरणारे जांभळे कोरलाइन शैवालही कॅल्शियम घेते. पाण्याची क्षारकता (अल्कलिनिटी, खारटपणा मोजणाऱ्या क्षारतेपेक्षा वेगळी) आणि कॅल्शियम टिकवण्यासाठी मी चुन्याची निवळी वापरतो. खाद्य प्रतीचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड शुद्ध पाण्यात ढवळून, गाळ खाली बसू देऊन वरचे स्वच्छ पाणी रात्री थेंबाथेंबाने सोडायचे. एका लिटरमध्ये जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, त्यामुळे द्रावण ठरावीक मर्यादेपलीकडे तीव्र होऊ शकत नाही. सामू मात्र बाराच्या वर असतो, म्हणून धार कधीच सोडायची नसते. मॅग्नेशियम चुन्यातून मिळत नाही, ते पाणी बदलताना नव्या मिठातून भरून निघते. महागडी तीन बाटल्यांची औषधे घेण्याआधी प्रत्येकाने ही जुनी पद्धत वापरून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन.

माशांमध्ये क्लाउन माशांची एक जोडी आणि बंगाई कार्डिनलचा छोटा थवा आहे, दोन्ही बंदिस्त पैदाशीतले. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या पैदाशीचे तंत्र केव्हाच सिद्ध केले आहे, आणि ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन व राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांच्या सहकार्यातून शोभिवंत सागरी माशांचे केंद्र उभे राहिले आहे. समुद्रातून धरलेले, विशेषतः आग्नेय आशियात सायनाइडने गुंगवून धरलेले मासे काही आठवड्यांत मरतात आणि त्या विषाने आसपासचे प्रवाळही मरतात, हे माहीत असताना पर्याय उपलब्ध असणे फार मोलाचे आहे. सहा फुटांच्या टाकीत पिवळा टँग शोभला असता. त्याची बंदिस्त पैदास २०१५ मध्ये हवाईत साधली आहे, पण तसा मासा खात्रीने मिळेपर्यंत त्याची जागा रिकामी राहील. पैदाशीतले मासेही मी थेट टाकीत सोडत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा प्रवाळटाकीत शिरला तर त्यावर चालणारे तांब्याचे औषध तिथे घालता येत नाही, कारण तांबे प्रवाळांना मारते. सगळे मासे बाहेर काढून टाकी दोन महिन्यांहून अधिक काळ माशांविना ठेवावी लागते. म्हणून मागच्या खोलीत वेगळी विलगीकरणाची टाकी आहे आणि तिची जाळी, बादली, नळी इकडे कधीच येत नाहीत.

सिन्युलारिया आणि सार्कोफायटन आता कापण्याएवढे झाले आहेत. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की पहिले तुकडे धारदार ब्लेडने काढून शिंपल्यांच्या भरड्यावर जाळीखाली धरवायला ठेवीन. ते पैसे न घेता द्यायचे आहेत. घेणाऱ्याकडून दोन गोष्टी पाहायला मागेन, पाण्याच्या क्षारतेच्या व तापमानाच्या निदान दोन महिन्यांच्या नोंदी, आणि वीज गेल्यावर पंप कशावर चालतो ते. ज्यांची टाकी अजून उभारली जात आहे त्यांना खडक ओतायचे असतील, तर साचे आणि पिंपे माझ्याकडे रिकामी आहेत, ती घेऊन जावीत.